‘थर्ड कल्चर किड’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: आईवडिलांच्या नोकरीमुळे दोन-तीन देशांत वाढलेल्या मुलांना ‘थर्ड कल्चर किड’ म्हणतात. मराठी लेखात ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ लिहावे, ‘बहुसांस्कृतिक मुले’ की ‘त्रिशंकू’? आणि ‘आयडेंटिटी’ला अस्मिता म्हणावे की ओळख?

आधी मूळ संज्ञा नीट पाहू. ती रूथ हिल यूसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंची. भारतात कामानिमित्त राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा त्यांनी १९५०च्या दशकात अभ्यास केला, त्यातून ती आली. पहिली संस्कृती आईवडिलांची आणि दुसरी ते राहतात त्या देशाची. अशी सतत ये-जा करणारी माणसे आपसांत जी राहणी तयार करतात ती तिसरी. म्हणजे हे मूल तीन संस्कृती जगलेले असतेच असे नाही. ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ वाचताना मात्र मराठी माणूस मोजू लागतो: पहिल्या दोन कोणत्या? शिवाय ‘तिसरा वर्ग’, ‘तिसरे जग’ यांची सावली पडून क्रम लावल्यासारखे वाटते ते वेगळेच. संकल्पना समजावताना ‘तिसरी संस्कृती’ जरूर वापरा, पण मुलांना ते नाव देऊ नका.

‘बहुसांस्कृतिक’ हे विशेषण समाजाला, शहराला, शाळेला शोभते. ‘आंतरसांस्कृतिक मूल’ म्हटले की ‘आंतरजातीय विवाह’ आठवतो आणि आईवडील दोन संस्कृतींतले आहेत असा अर्थ निघतो. तसे मूल जन्मभर एकाच घरात वाढलेले असू शकते. कायमचे स्थलांतर केलेल्यांची मुले हाही वेगळा गट, कारण तिथे रुजायचे हे ठरलेले असते. यूसीमबाईंनी अभ्यासलेल्या मुलांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की हे गाव सोडायचे आहे. मैत्री चटकन जमवण्याची आणि निघायच्या आधीच मनाने दूर होण्याची सवय त्यातून लागू शकते. हे तीन गट एका शब्दात कोंबले की लेखाचा मुद्दाच हरवतो.

‘त्रिशंकू’ मात्र नकोच. रामायणात विश्वामित्र त्रिशंकूला सदेह स्वर्गात पाठवतो, इंद्र त्याला खाली ढकलतो, तेव्हा विश्वामित्र त्याला मध्येच थांबवून त्याच्याभोवती नवी नक्षत्रे निर्माण करतो. कथेतल्या त्रिशंकूला स्वतःचे आकाश मिळते. पण रूढ मराठीत ते आकाश गळून गेले, फक्त लोंबकळणे उरले. ‘त्रिशंकू विधानसभा’ म्हणताना आपण बिघाडच सांगतो. मुलाला हा शब्द लावणे म्हणजे त्याच्या मनात काय आहे हे न विचारता निकाल देणे. ‘धेडगुजरी’ तर कुणीच वापरू नये. त्यात जातीवाचक हिणवणूक आहे.

माझी शिफारस: ‘अनेक संस्कृतींत वाढलेला, वाढलेली, वाढलेली मुले’. लांब आहे, पण नेमके आहे. ‘वाढलेला’ लिंगवचनाप्रमाणे बदलतो आणि चाळीस वर्षांच्या माणसालाही चालतो, जिथे ‘मूल’ अडते. लिहिताना ‘संस्कृतींत’वरचा अनुस्वार सोडू नका, ‘अनेक संस्कृतीत’ अशुद्ध आहे.

आता ओळख. पातंजल योगसूत्रांत ‘अस्मिता’ हा पाच क्लेशांपैकी एक, ‘मी आहे’ या भावाशी जोडलेला. आजच्या मराठीत मात्र ती बहुतेक समूहाची असते: भाषेची, प्रांताची. ती जपायची असते, ती दुखावते. एका माणसाच्या आतल्या गोष्टीसाठी हा शब्द फार ताठ आहे. ‘ओळख’ लवचीक आहे: ती होते, पटते, बदलते, एकाहून अधिक असू शकते. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि त्याबरोबर विनोद, हातवारे, मोठ्यांशी बोलण्याची रीत बदलणाऱ्या मुलाचे वर्णन याच शब्दाने होते. परिचयाशी गोंधळ होईल तिथे ‘स्वतःची ओळख’ लिहा.

प्रश्नात नसलेला, पण सगळ्यात जास्त चुकणारा शब्द म्हणजे ‘परतणे’. आईवडील मायदेशी परततात. तिथे कधीच न राहिलेले मूल तिथे पहिल्यांदा *येते*. ते दिसते इतरांसारखे, म्हणून सगळे कळत असेल असे लोक धरून चालतात. परक्या चेहऱ्याच्या पाहुण्याला माफ होणारी चूक त्याला माफ होत नाही. अभ्यासक अशा मुलाला ‘लपलेला परका’ या अर्थाचे नाव देतात. ‘कुटुंब परतले’ एवढेच लिहिले की नेमका हा अनुभव वाक्यातून गायब होतो. ‘आईवडील परतले, मुलगी नव्या देशात आली’ असे दोन क्रियापदांनी लिहा. आणि मुलाखत घेत असाल तर ‘तू मूळची कुठली?’ऐवजी ‘कुठे कुठे वाढलीस?’ विचारा. पहिल्या प्रश्नाला एकच गाव सांगावे लागते, म्हणून अशी मुले थबकतात किंवा समोरच्याला सोयीचे उत्तर देऊन मोकळी होतात.