आपल्याच बॉक्सिंग क्लबच्या मुलाची अटीतटीची लढत असेल तर निष्पक्ष गुण कसे द्यायचे?

पहिलं उत्तर सोपं आहे: जजच्या खुर्चीत बसूच नका. पण पुण्यात क्लबा-क्लबांच्या सामन्यांना जज कमी पडतात आणि ऐन वेळी 'सर, एवढी एक फाइट बघा ना' म्हणत खुर्ची पुढे करतात, हे मलाही माहीत आहे.

बसावंच लागलं तर नजर समोरच्या मुलावर ठेवा. आपल्या पोराचा ठोसा बघायला कष्ट पडत नाहीत, तो न लागताही आपल्याला दिसतो! समोरच्याचा साधा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मात्र नाकावर बसून गेला तरी निसटतो. शिवाय आपल्याचा ठोसा पोहोचला का, हेही समोरच्याकडे बघूनच कळतं. मान मागे गेली, की ठोसा नुसता गार्डवर, म्हणजे बचावाला वर धरलेल्या हातांवर, आदळला? दंडावरचा ठोसा जोरात वाजतो, त्यावर पोरं 'हाण!' म्हणून ओरडतात, आणि त्याला गुण शून्य. मुठीच्या पुढच्या भागाने, पट्ट्याच्या वर, डोक्याला किंवा धडाला समोरून वा बाजूने नीट लागलेलाच ठोसा धरायचा. असे ठोसे दोघांचे सारखे वाटले, तरच लढत कोणाच्या तंत्राने चालली होती ते बघायचं.

राउंडची घंटा झाली की लगेच आकडा लिहा. 10-9, म्हणजे राउंड जिंकणाऱ्याला 10 आणि दुसऱ्याला 9; राउंड कोणाला तरी द्यावाच लागतो. मागच्या राउंडची भरपाई पुढच्यात करायची नाही. आणि प्रामाणिक माणसाचा वेगळाच घोळ होतो: लोक काय म्हणतील म्हणून तो स्वतःच्याच पोराचा हक्काचा राउंड कापतो. तोही पक्षपातच, फक्त उलटा.

2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला मेरी कोम कोलंबियाच्या वालेन्सियाकडून हरली, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांना ती जिंकली असंच वाटलं होतं. शेवटच्या दोन्ही राउंडमध्ये पाचपैकी तीन जज मेरीच्या बाजूने होते, पण पहिल्यात चार जण वालेन्सियाकडे. प्रत्येक जजची तीन राउंडची बेरीज धरतात, म्हणून निकाल 3-2 विरुद्ध गेला. आपल्या लक्षात शेवटचा राउंड राहतो, पहिला सोयीने विसरतो.

सराव करायचा असेल तर भारतीय बॉक्सरच्या जुन्या लढती आवाज बंद करून बघा, प्रत्येक राउंडनंतर कागदावर गुण मांडा आणि मगच निकाल उघडा. दर वेळी चूक एकाच बाजूला झुकत असेल, तर तुमच्या मुलाच्या लढतीला खुर्ची दुसऱ्याला द्या.