बोट पाण्यात कधी उतरणार ते ठरेना. सोने तारण ठेवून नवे इंजिन घ्यावे का?

(हा प्रश्न आणि उत्तर ऑक्टोबर २०२० मधले आहेत; यातले नियम, दर आणि योजना तेव्हाच्या.)

प्रश्न : मालवणात आमची २० आसनी फायबर बोट आहे, दोन आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनांची. तारकर्ली-देवबाग भागात डॉल्फिन, स्नॉर्केलिंगच्या फेऱ्या करतो. कोविडच्या टाळेबंदीमुळे मार्चपासून एक रुपया आलेला नाही. आता हॉटेले उघडली, प्रवासाचा ई-पास गेला, केरळात हाउसबोटी सुरू झाल्या. कुणी म्हणतो दसऱ्याला परवानगी, कुणी म्हणतो दिवाळीला. डागडुजी आणि तिसरे इंजिन मिळून ४ लाख २५ हजारांचा खर्च आहे. पत्नीच्या दागिन्यांवर बँक ९ टक्क्यांनी ४ लाख द्यायला तयार आहे. मुद्रा कर्जाचे फेब्रुवारीअखेर ६ लाख बाकी होते, हप्ता १४,८००. हाताशी १ लाख ९० हजार आहेत. घरखर्च महिना १८ हजार. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, त्यातून सध्या महिना ६ हजार येतात. फेरीचे, दागिन्यांचे आणि डागडुजीचे आकडे सोबत दिले आहेत. काय करावे?

उत्तर : सोने आत्ता तारण ठेवू नका आणि तिसरे इंजिन या हंगामात घेऊ नका. डागडुजी मात्र करा, पण दोन टप्प्यांत. त्यासाठी यापेक्षा बरे कर्ज तुम्हाला मिळू शकते आणि त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२० ला संपते आहे. म्हणून हातात दोन आठवडे आहेत असे धरून चाला.

आधी परवानगीचा गोंधळ मिटवू, कारण सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. ३१ ऑगस्टला बोटींवरची जी बंदी संपली ती पावसाळ्याची, दरवर्षीची. तिचा कोविडच्या निर्बंधांशी संबंध नाही. मासेमारीच्या होड्या समुद्रात जातात म्हणून पर्यटकांची बोट चालते, असेही नाही. केंद्राने ३० सप्टेंबरला बऱ्याच गोष्टी खुल्या केल्या, पण राज्याला त्याहून कडक राहता येते आणि महाराष्ट्र तसा राहिला आहे. ५ ऑक्टोबरपासून उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने उघडली, चित्रपटगृहे आणि जलतरण तलाव बंदच आहेत. केरळचा निर्णय केरळापुरता.

तुमच्या बोटीला तीन कागद लागतील. पहिला, ‘मिशन बिगिन अगेन’खालचा (टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवण्याचा) राज्याचा आदेश, ज्यात जलक्रीडा किंवा नौकाविहार हा शब्द स्पष्ट असेल. ‘पर्यटन सुरू’ एवढ्यावर विसंबू नका. दुसरा, सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. राज्याने सोडलेली गोष्ट जिल्हा रोखून धरू शकतो. तिसरा, राज्याच्या मेरीटाईम बोर्डाच्या बंदर कार्यालयाकडून तुमच्या बोटीचे सर्वेक्षण आणि परवान्याचे नूतनीकरण. पहिले दोन कागद तुमच्या हातात नाहीत, तिसरा आहे. आदेश आल्यावर सगळेच बोटवाले एकदम बंदर कार्यालयाच्या दारात उभे राहतील, तेव्हा तुमचे सर्वेक्षण आधीच झालेले असू द्या.

आदेशाआधी ‘चार माणसे नेली तर काय बिघडते’ हा विचारही नको. दंड आणि गुन्हा राहू द्या, मोठा धोका विम्याचा आहे. बंदी असताना प्रवासी घेऊन गेलेल्या बोटीला अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारेल. प्रवाशाच्या भरपाईचा बोजा मग तुमच्या घरादारावर येईल.

आता तिसऱ्या इंजिनाचा प्रश्न, आणि इथे तुमचा हिशेब चुकतो आहे. परवानगी आली तरी ती बहुधा निम्म्या प्रवाशांची असेल. उपाहारगृहांना तोच नियम लागला आहे. तुम्ही कमाई निम्मी धरली आहे. पण तुम्हीच कळवलेल्या आकड्यांवरून एक फेरी मांडून पाहा. २० प्रवासी, माणशी ३०० रुपये, म्हणजे ६,०००. पेट्रोल १,४००, तांडेल (बोट चालवणारा) आणि खलाशी मिळून ९००, एजंटचे १० टक्के म्हणजे ६००. उरतात ३,१००. आता १० प्रवासी घ्या. येतात ३,०००. पेट्रोल जवळजवळ तेवढेच जळते, तांडेल-खलाशांना तेवढेच द्यावे लागते, एजंटला ३००. हातात राहतात ४०० रुपये. प्रवासी निम्मे झाले आणि नफा जवळजवळ आठव्या हिश्श्यावर आला.

म्हणून जुन्या दराने बोट सुरूच करू नका. माणशी ४५० घेतले तर १० प्रवाशांचे ४,५००. पेट्रोल, माणसे आणि एजंट वजा जाता १,७५० उरतात. त्याहून चांगले म्हणजे पूर्ण बोट एकाच कुटुंबाला ४,२०० ते ४,५०० ला देणे. यंदा लोकांना अनोळखी माणसांत बसायचे नाही, त्यामुळे हा दर मिळेल. खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना बोट थेट तुम्हीच दिलीत तर एजंटचे पैसेही वाचतात.

दर वाढवूनही फेरीमागे जुन्या नफ्याच्या ५६ टक्केच मिळतात, आणि फेऱ्याही कमी होणार. त्यामुळे हंगामाची कमाई नेहमीच्या ४० टक्के धरली आहे. ऑक्टोबर ते मे तुम्हाला खर्च जाऊन साडेपाच लाख सुटत होते. दिवाळीआधी परवानगी आली तर २ लाख २० हजार मिळतील. नाताळाच्या तोंडावर आली तर दिवाळीचे १ लाख १० हजार आणि मधल्या शनिवार-रविवारचे अंदाजे ३० हजार गेले. राहिलेल्या ४ लाख १० हजारांचे ४० टक्के म्हणजे १ लाख ६४ हजार. फेब्रुवारी उजाडला तर उरलेले शनिवार-रविवार आणि एप्रिल-मे मिळून २ लाख २० हजारांचा धंदा राहतो, त्यातून हाती ८८ हजार.

समोर गरज ठेवा. घरखर्च १८,००० अधिक हप्ता १४,८००, वजा खोल्यांचे ६,०००. दरमहा २६,८०० ची तूट. मेअखेरपर्यंत आठ महिन्यांचे २ लाख १४ हजार ४०० होतात. म्हणजे सगळे मनासारखे झाले, दिवाळीआधी बोट पाण्यात उतरली, तरी हंगामाची कमाई घर आणि जुना हप्ता यांतच संपते. पुढे पावसाळ्याचे चार महिने आहेतच. २ लाख ९० हजारांच्या इंजिनाला यात जागा कुठेच नाही. शिवाय १० प्रवाशांच्या बोटीला जास्तीचे इंजिन लागतही नाही.

सोन्याच्या कर्जातली अडचण व्याजदराची नाही, ९ टक्के चांगलाच दर आहे. तुमच्या दागिन्यांचे निव्वळ वजन ९६ ग्रॅम. २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ४,६५० धरला तर मूल्य ४ लाख ४६ हजार ४००, आणि त्याच्या ९० टक्के म्हणजे ४ लाख १ हजार ७६०. बँक तुम्हाला काठोकाठ कर्ज देते आहे. ही ९० टक्क्यांची सवलत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० मध्ये दिली ती ३१ मार्च २०२१ पर्यंतच आहे. त्याआधी मर्यादा ७५ टक्के होती. वर्षाने नूतनीकरण करताना पुन्हा ७५ टक्केच मिळाले तर याच भावाने ३ लाख ३४ हजार ८०० बसतात. म्हणजे ६५ हजार मुद्दल आणि ३६ हजार व्याज रोख भरायचे, तेही ऑक्टोबर २०२१ मध्ये, पावसाळा संपून हात रिकामे असताना. भाव १० टक्क्यांनी उतरला तर त्याआधीच बँक जादा सोने किंवा पैसे मागेल. काठोकाठ कर्जात दागिने लिलावाला जातात ते असे.

त्याऐवजी ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत मुद्रा कर्ज आहे तिथे उद्याच जा आणि ईसीएलजीएस, म्हणजे केंद्राच्या हमीचे आपत्कालीन कर्ज मागा. २९ फेब्रुवारी २०२० च्या बाकीच्या २० टक्के मिळते. तुमच्या ६ लाखांवर १ लाख २० हजार. मुद्रा कर्जे त्यात बसतात. त्या दिवशी खाते ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेले नसावे ही अट, ती तुम्ही पाळता. वेगळे तारण नाही, प्रक्रिया शुल्क नाही, बँकांना कमाल व्याज ९.२५ टक्के. मुदत चार वर्षे, पहिले वर्ष फक्त व्याज: महिना ९२५ रुपये. नंतरचे ३६ महिने सुमारे ३,८३० चा हप्ता. शाखेत ‘अशी योजना संपली’ असे तोंडी उत्तर मिळाले तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. याच फेरीत उद्यम नोंदणीही (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या. आधारवर होते, फुकट होते आणि पुढे लागणार आहे.

आता हे १ लाख २० हजार लावायचे कुठे? दोन्ही इंजिनांच्या सर्व्हिसिंगचे ३४ हजार आत्ताच खर्च करा. सात महिने उभे असलेले आउटबोर्ड एकदम चालू केले की घात होतो. टाकीतले जुने पेट्रोल चिकट होऊन कार्बुरेटरचे जेट बुजवते, इथेनॉलमुळे त्यात पाणीही धरलेले असते. पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर एकाच बाजूला वाकून बसतो. तो न बदलता इंजिन पळवले तर पाणी चढत नाही आणि इंजिन तापून जाम होते. मेकॅनिककडून जुने पेट्रोल पूर्ण काढून घ्या, कार्बुरेटर साफ, इंपेलर आणि प्लग नवे, गिअर ऑइल दुधाळ दिसले तर सील बदला, झिजलेले अॅनोड (गंज रोखणारे धातूचे तुकडे) बदला. नंतर बोट किनाऱ्यावरच असली तरी पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्यावर १० मिनिटे इंजिन चालवा. बॅटरी काढून घरी चार्जवर ठेवा.

फायबरच्या तड्याचे काम, १२ हजारांचे, तेही आत्ताच. तडा असताना सर्वेक्षण पुढे सरकणार नाही. सर्वेक्षण, परवाना आणि विमा यांचे २८ हजार बाजूला काढा. विम्याबाबत एजंटला विचारा, बोट उभी असेपर्यंत फक्त उभ्या बोटीचे संरक्षण घेता येईल का. त्याचा हप्ता कमी बसतो आणि धंदा सुरू करताना पूर्ण विमा करता येतो. इथवर झाले ७४ हजार.

रंगाचे ३० हजार आणि लाइफ जॅकेटचे पैसे आदेश हातात पडल्यावर. दोन्ही कामे आठवड्याभरात उरकतात, तोवर रक्कम खात्यात राहू द्या. नवी २४ जॅकेट घेण्याचीही गरज नाही. जुन्यांतली १३ धड आहेत असे तुम्ही लिहिता. १२ नवी घेतली, साडेपंधरा हजारांत, तर १२-१२ चे दोन संच होतात आणि एक शिल्लक राहते. एक संच फेरीत, दुसरा धुऊन वाळत. नव्यांत लहान मुलांच्या मापाची किमान ३ घ्या. एकूण १ लाख १९ हजार ५००.

बचतीच्या १ लाख ९० हजारांना बोटीसाठी हात लावू नका, ते घर आणि हप्त्यासाठी आहेत. नाताळात परवानगी आली तर ही बचत आणि १ लाख ६४ हजार मिळून ३ लाख ५४ हजार होतात; पुढच्या सप्टेंबरपर्यंतची गरज नव्या व्याजासह ३ लाख ३२ हजार ७००. निभावते, पण जेमतेम. फेब्रुवारी उजाडला तर सुमारे ५५ हजार कमी पडतील. तेव्हा १५-२० ग्रॅम सोन्यावर छोटे कर्ज घ्या, तेही जून-जुलैत, गरज दिसल्यावर. दागिने त्या दिवसासाठी मोकळे ठेवायचे आहेत.

जानेवारीच्या दहा तारखेपर्यंत आदेश आला नाही तर हप्ता थकण्याची वाट पाहू नका. १ मार्च २०२० ला नियमित असलेल्या लघुउद्योग खात्यांची पुनर्रचना (हप्ते आणि मुदत नव्याने बसवणे) बँकांना ३१ मार्च २०२१ पर्यंत करता येते. उद्यम नोंदणी तेव्हा लागेल. मंजुरी बँकेच्या हातात आहे आणि पतअहवालात नोंद होते, त्यामुळे हा शेवटचा उपाय समजा. पण थकीत खात्यापेक्षा तो कितीतरी बरा.

मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवण्याची जी सवलत होती, त्या काळातले ‘व्याजावरचे व्याज माफ होणार’ या बातमीवर काही बेतू नका. सरकारने २ कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी ते सोसण्याची तयारी सर्वोच्च न्यायालयात दाखवली आहे, हे खरे. पण ११ टक्के दराने तुमच्या ६ लाखांवर सहा महिन्यांचे साधे व्याज ३३,००० आणि चक्रवाढीने ३३,७६५. फरक ७६५ रुपयांचा. मूळ व्याज मुद्दलात चढलेच आहे. हप्ता तोच ठेवला तर शेवटी जवळजवळ चार हप्ते वाढतात, म्हणजे साधारण ५५ हजार. पुढच्या हंगामात हात मोकळा झाला की पहिली जादा रक्कम याच मुद्रा खात्यात भरा.

दिवाळीसाठी येणारी आगाऊ बुकिंगे नाव-नंबर लिहून ठेवा, पैसे घेऊ नका. घेतलेच तर वेगळ्या खात्यात ठेवा आणि ‘शासनाची परवानगी न आल्यास पूर्ण परत’ असे व्हॉट्सअॅपवर लिहून द्या. त्या पैशांतून पेट्रोलही भरू नका. इंजिनाच्या विक्रेत्याला १० हजार विसार दिल्याचे तुम्ही लिहिले आहे. याच आठवड्यात जाऊन तो परत मागा. परत देत नसेल तर तेवढ्या रकमेचे इंपेलर, प्लग, अॅनोड आणि ऑइल त्याच दुकानातून उचला, ते तुम्हाला लागणारच आहे.