कथेत समुद्र आहे, भरती नाही

तुमचा प्रश्न असा, की कथा वेंगुर्ल्याच्या बाजूला घडते तरी वाचणारे म्हणतात 'कोकण वाटत नाही', तर वर्णन वाढवू का? नको. माड, लाल माती, सोलकढी सगळं येऊन गेलंय. अजून दोन माड लावून काय होणार?

घोळ आहे तो सुमन घर सोडते त्या प्रसंगात. पौर्णिमेच्या रात्री बारा वाजता ती निघते आणि कड्याखालच्या वाळूवरून चालत पलीकडच्या गावात जाते. किनाऱ्यावरचं कुणीही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. त्यात उधाण. बारा वाजता त्या कड्याखाली पाय ठेवायला वाळू कुठली!

पौर्णिमेची अष्टमी केलीत तर गणित सुटेल, कथा होती तिथेच राहील. माझं ऐकाल तर पौर्णिमाच ठेवा. पाणी उतरून वाट मोकळी व्हायला पहाटेचे चार तरी वाजणार, पूर्ण ओहोटी साडेपाचच्या सुमाराला. म्हणजे बोचकं घेऊन सुमनला चार तास गावातच काढायचेत. घरात परत शिरता येत नाही, बाहेर चांदणं लख्ख. होडीच्या आडोशाला बसेल? कुणाच्या होडीच्या? आणि ती निघेल तेव्हा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे, किनाऱ्यावर आलेले असतील. रापण ओढायला दोन्ही दोरांवर भरपूर माणसं लागतात. त्यांत तिचा दीर असू द्या. तो तिला बघतो, ओळखतो आणि दोर ओढत राहतो. एवढं लिहिलंत तर शेवटच्या पानावर सासऱ्यांनी सगळं समजावून सांगायची गरजच उरत नाही. (ते पान तसंही रटाळ झालंय, रागावू नका.)

'समुद्रातून चंद्र वर आला' हे वाक्य मात्र आजच काढा. आपला समुद्र पश्चिमेला. चंद्र डोंगराकडून उगवतो आणि पौर्णिमेला पहाटे समुद्राकडे कलतो. सुमन निघताना तो पाण्यावर असेल, हे तुम्हाला फुकटच मिळतंय.

पूर्वकथेत नवरा जुलैत ट्रॉलरवर गेलाय. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्याला घरी बसवा. घरी बसलेला नवरा कथेला जास्त उपयोगी.

बोलीचं म्हणाल तर सासू एका वाक्यात 'खंय चललंस गो?' विचारते आणि पुढच्याच वाक्यात वर्तमानपत्रासारखं बोलते. घरात तिला अख्खी मालवणी बोलू द्या, अर्थ संदर्भाने लागतो. तलाठ्यासमोर मात्र ती शाळेतली मराठी बोलायला जाईल आणि मध्येच 'माका' येईल. तो प्रसंग तुमच्याकडे आहेच, फक्त संवाद नव्याने लिहा.