नरदेह कशासाठी? सुरुवात हरिपाठापासून

माणसाचा जन्म कशासाठी, याचं उत्तर वारकरी संतांकडे शोधायचं असेल, तर एकदम ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातल्या कुंडलिनीत (योगातल्या सुप्त शक्तीच्या वर्णनात) शिरू नका. नवे लोक हटकून तिथेच अडकतात. आधी एवढंच करा:

- ज्ञानदेवांचा हरिपाठ रोज म्हणा. २७ अभंग, काही प्रतींत २८. सगळे जमत नसतील तर दोन म्हणा, पण नेम मोडू नका.
- जवळच्या भजनाला जाऊन बसा. आवाज बेसूर असला तरी चालतो!

मोक्षाचा हिशेब आत्ताच नको. वारकऱ्यांच्या लेखी नरदेहाचं सार्थक भक्तीत. तुकोबांनी तर मुक्ती नाकारून संतसंग मागितला, त्यासाठी पुन्हा गर्भवासही पत्करला. घरदार सोडायचं मनातही आणू नका. सावतोबा मळ्यातच राबले, गोरोबा मडकीच घडवत राहिले. अद्वैत (जीव आणि देव एकच हा विचार), चार मुक्ती (मोक्षाचे चार प्रकार) वगैरे पुढे बघू. वारकऱ्यांची तुळशीची माळ घालायचीही घाई करू नका.