अ‍ॅबरव्हॅनला जाताना

कार्डिफहून एका ताईंनी विचारलंय: पुण्याहून सासू-सासरे आलेत, मुलं 7 आणि 11 वर्षांची. ब्रेकनच्या डोंगरांकडे जाताना वाटेत वेल्समधलं कोळसाखाणीचं जुनं गाव अ‍ॅबरव्हॅन ‘करून घ्यावं’ का?

जरूर जा. (लिहिताना एफ असला तरी बोलताना ‘व्हॅन’च.) पण ‘करून घ्यायचं’ ठिकाण नाही ते. आपण दुखवट्याच्या घरी जातो, तसं जा.

21 ऑक्टोबर 1966, शुक्रवार. शाळेला सहामाही सुट्टी लागणार होती. सव्वानऊच्या सुमारास खाणीतल्या टाकाऊ दगडगाळाचा सात नंबरचा ढीग डोंगरावरून सुटला आणि पँटग्लास शाळेवर, शेजारच्या घरांवर आला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. ढीग चक्क झऱ्यावर रचला होता. सासऱ्यांना फार सांगावं लागणार नाही. 30 जुलै 2014 चं माळीण त्यांच्याच जिल्ह्यातलं. फरक एवढाच, की अ‍ॅबरव्हॅनचा तो डोंगर माणसांनी रचलेला होता.

धाकट्याला इतकंच पुरे. थोरलीला मात्र पुढचंही सांगा: शाळेमागच्या या धोक्याबद्दल पालिकेच्या अभियंत्याने 1963 मध्येच पत्र लिहिलं होतं. चौकशीत दोष खाणी चालवणाऱ्या सरकारी राष्ट्रीय कोळसा मंडळावर आला, शिक्षा कुणालाच नाही. वर उरलेले ढीग हटवायला लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड काढून घेतले! ते परत मिळाले 1997 मध्ये. अकरा वर्षांच्या मुलीला यातला अन्याय बरोबर कळतो. ती चिडली तर चिडू द्या.

शाळेच्या जागी आता स्मृतिउद्यान आहे. तिथे डबा उघडू नका, मुलांना पकडापकडी खेळू देऊ नका. वर टेकडीवर दफनभूमी, पांढऱ्या कमानींच्या रांगा. तिथे नाव आणि वय वाचताना धाकटा “हा माझ्याएवढा होता” असं मोठ्याने म्हणेल. म्हणू दे, त्याला दटावू नका. फुलं न्यायची तर प्लास्टिक काढून. उदबत्ती, हळदकुंकू नको. कमानींपुढे घरच्यांना उभं करून फोटो तर नकोच.

गल्ल्या अरुंद आहेत. पहिल्या खेपेला मी एका आजींच्या फाटकासमोरच गाडी लावली होती. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या खिडकीत उभ्या राहिल्या. अजून आठवलं की ओशाळायला होतं. त्या वर्गांतून वाचलेली मुलं आज सत्तरीच्या आसपास आहेत. समोरून येणारं माणूस त्यांतलं असू शकतं. “तुम्ही तेव्हा इथे होतात का?” असं विचारू नका. त्यांनी आपणहून विषय काढला, तर ऐका.

खाण आतून बघायची असेल तर ब्लेनाव्हनचं बिग पिट आहे, पण ते दुसऱ्या दिवशी.

आणि घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आंघोळ केल्याशिवाय ओट्याला हात लावायचा नाही,” तर वाद घालू नका. निघायच्या आधीच गरम पाण्याचा टायमर लावून ठेवा.