सात गाड्या आणि एकच शटर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या मोटारसायकली रिस्टोअर करण्यावर लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यातली निम्मी रिस्टोरेशनबद्दल नव्हतीच, झालेली गाडी सांभाळायची कशी ह्याबद्दल होती. त्यातली थोडी इथे घेतलीयत. नावं गावं मुद्दाम छापत नाहीये, का ते दुसऱ्या उत्तरात कळेल.

प्रश्न : माझ्याकडे सात गाड्या आहेत, सगळ्या घरामागच्या शेडमध्ये. शटरला दोन्ही बाजूंनी दणकट कुलपं आहेत, रोज रात्री प्रत्येक गाडीचं हँडल लॉक करतो. एवढं पुरे ना?

नाही हो. तुम्ही सगळा भरवसा शटरवर टाकलाय, म्हणजे शटर उघडलं की आत सातही गाड्या मोकळ्याच. आणि हँडल लॉकचं म्हणाल तर ते येता-जाता हात मारणाऱ्या पोरासाठी आहे. ठरवून येणारा चोर गाडी चालू करायच्या भानगडीत पडतच नाही, तिघं जण येतात, उचलतात, टेम्पोत टाकतात आणि किल्लीचं वगैरे नंतर निवांत बघतात. दीडशे किलोची गाडी तिघांना काहीच जड नाही. तेव्हा विचार असा करायचा की शटर तुटलेलंच आहे, आता पुढे काय?

पुढे म्हणजे काँक्रीटमध्ये बसवलेली जाड पोलादी कडी, ज्याला ग्राउंड अँकर म्हणतात, आणि त्यातून ओवलेली साखळी. फरशीवर नुसती स्क्रूने लावलेली कडी पहारीच्या एका झटक्यात निघते, त्यामुळे खाली खरोखर काँक्रीट आहे ना ते आधी बघा. बोल्ट बसवून झाले की त्यांच्या डोक्याच्या खाचेत बेअरिंगचा छर्रा ठोकून बसवतात म्हणजे पान्याला खाचच मिळत नाही. तुम्हालाही परत काढता येणार नाही, पण तेच तर हवंय. साखळी १६ मिमी किंवा त्याहून जाड, हार्डन केलेल्या पोलादाची घ्या. १०-१२ मिमीवाली लांब दांड्याच्या बोल्ट कटरपुढे टिकेलच असं नाही. घेताना टेस्टिंगचा शिक्का बघा, ब्रिटनच्या सोल्ड सिक्युअरचे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड असे दर्जे असतात आणि नेदरलँडची एआरटी संस्था तारे देते, १ ते ५, मोटारसायकलसाठी निदान ४ हवेत.

आता घोळ कुठे होतो सांगतो. एवढी महागाची साखळी आणून लोक ती पुढच्या चाकातून घालतात. चाक काढायला एक पाना लागतो, सकाळी उठून बघावं तर साखळीत अडकवलेलं चाक तेवढं शिल्लक. साखळी चासीतून घाला, ते जमत नसेल तर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि मागचं चाक दोन्ही धरून. आणि ती जमिनीवर लोळू देऊ नका, कारण जमिनीवर पडलेल्या कडीवर कटरचा एक दांडा खाली टेकवून दुसऱ्यावर अख्खं अंग टाकता येतं, शिवाय खाली ठेवून घण घालता येतो. ताणून, अधांतरी राहील अशी बांधायची आणि कुलपाचं किल्लीचं भोक खालच्या बाजूला.

लोखंड कापायच्या अँगल ग्राइंडरपुढे बहुतेक कुठलीच साखळी टिकत नाही हे खरंय. पण ग्राइंडर ओरडतो, ठिणग्या उडवतो आणि वेळ खातो, आणि चोराकडे नेमका वेळच नसतो. एका साखळीत दोन गाड्या अडकवल्या तर साखळी न कापता उचलून नेणं आणखी अवघड. सगळ्यात किरकोळ गाडी दारातच आडवी लावा, लाडकी सगळ्यात आत भिंतीकडे. आत हालचाल कळणारा एक अलार्म, आणि त्याचा भोंगा घरात वाजला पाहिजे, नुसता शेडमध्ये वाजून उपयोग नाही.

प्रश्न : माझ्या कलेक्शनचं एक इन्स्टा पेज आहे, फॉलोअर्स बऱ्यापैकी आहेत. मित्र म्हणतो बंद कर, चोरांना आमंत्रण आहे. हे जरा जास्तच होतंय का?

पेज बंद करू नका, डोळे उघडून चालवा. गाडीचा फोटो टाकल्याने गाडी जात नाही, गाडी कुठे असते ते कळल्याने जाते. फोटोत मागे शेजारच्यांचं गेट दिसतं, गल्लीची पाटी दिसते, कधी कधी तर शेडचं कुलूपच क्लोजअपमध्ये असतं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर मूळ फोटोच्या फाइलमध्ये जागा नोंदली जाते, मोठे सोशल मीडियावाले ती साधारण काढून टाकतात पण तुम्ही कुणाला मूळ फाइलच पाठवलीत तर ती तशीच जाते. सगळ्यात गमतीचे ते राइड ट्रॅक करणारे ॲप. दर रविवारी सकाळी नकाशावर एकाच ठिपक्यापासून रेघ सुरू होते, तो ठिपका म्हणजे तुमचं घर. घराच्या आसपासची रेघ लपवणारी प्रायव्हसी झोनची सेटिंग असते, ती लावा. आणि 'चाललो आठ दिवस ट्रिपला' ही पोस्ट आल्यावर टाका.

दुसरं, गाडी विकायला काढलीत की बघायला येणाऱ्याला शेडमध्ये नेऊ नका, अजिबात नाही. तीच एक गाडी बाहेर, दुसरीकडे कुठेतरी उभी करून दाखवा. आलेला माणूस सायलेन्सर बघायचा सोडून छताकडे आणि कडीकोयंड्याकडे बघत असेल तर चहा न विचारता वाटेला लावा. मी स्वतः एकदा उत्साहाच्या भरात एका 'हौशी' माणसाला सगळ्या गाड्या दाखवल्या, तो जाताना म्हणाला, किल्ल्या छान लावल्यात हो भिंतीवर. खरंच लावल्या होत्या, प्रत्येकीखाली नावाची चिठ्ठी चिकटवून! त्याच संध्याकाळी सगळ्या घरातल्या कपाटात गेल्या.

प्रश्न : जुन्या गाड्यांना किल्लीचा काही उपयोग नसतो असं आमचा मेकॅनिक म्हणतो. खरंय?

बराचसा खरंय. जुन्या जावाची किल्ली म्हणजे खिळ्यासारखी नुसती दांडी, एकीची दुसरीला बिनदिक्कत चालायची. मॅग्नेटोवाल्या (म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच स्पार्क तयार करणाऱ्या) बऱ्याच गाड्यांमध्ये तर किल्ली स्पार्क चालू करत नाही, त्याची वीज चासीत वळवून (ज्याला 'अर्थ करणं' म्हणतात) तो फक्त बंद ठेवते, म्हणजे ती वायर निघाली की किल्ली असो नसो गाडी किकला तयार. अशा गाडीला किल्लीवर सोडूच नका. बराच काळ उभी राहणार असेल तर प्लग काढून खिशात घ्या आणि त्या जागी जुना निकामी प्लग लावून ठेवा म्हणजे सिलिंडरमध्ये कचरा जात नाही. रोजची असेल तर आड जागी स्पार्क बंद ठेवणारा एक छुपा स्विच. पण उचलून नेणाऱ्यापुढे ह्यातलं काहीच चालत नाही, साखळी हवीच.

प्रश्न : आमच्या ह्यांच्या नऊ गाड्या घराच्या खाली, जिन्याला लागून असलेल्या खोलीत आहेत. ह्यांना चोरीची काळजी, मला आगीची. मी उगाच घाबरते का?

नाही ताई, तुमचंच बरोबर आहे, आणि हे उत्तर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवा. चोर एक-दोन गाड्या नेतो, आग काही निवडत बसत नाही. १६ सप्टेंबर २००३ ला इंग्लंडमधल्या नॅशनल मोटरसायकल म्युझियमला आग लागली, कारण काय तर नीट न विझवलेली एक सिगारेट. जवळपास ३८० गाड्या गेल्या, आणि तिथे स्प्रिंकलर नव्हते. ऑस्ट्रियात आल्प्समधलं टॉप माउंटन म्युझियम जानेवारी २०२१ मध्ये असंच जळालं, २०० हून जास्त गाड्या. कुलपं त्यांच्याकडेही चांगलीच असणार.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, जमिनीवर पसरत कोपऱ्यात साठते. आणि उणे ४० अंशाच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट्रोलमधून पेट घेण्याइतकी वाफ निघते, म्हणजे आपल्या खोलीत ती कायम तयारच. म्हणून हवा यायला-जायला जाळी खाली, जमिनीलगत पाहिजे. त्या खोलीत गॅस गीझर, देव्हाऱ्यातला दिवा, जुना फ्रिज, ठिणगी पडेल असं काही नको. दर वेळी गाडी लावली की पेट्रोल कॉक बंद, जुन्या कार्ब्युरेटरची फ्लोट पिन (पेट्रोल आत येणं थांबवणारी सुई) अडकली की टाकी रात्रीत जमिनीवर येते. कॅनमध्ये जास्तीचं पेट्रोल साठवणं बंद. रंगाचे आणि अळशीच्या तेलाचे बोळे बोचक्यात कोंबून ठेवायचे नाहीत, ते आपलेआप तापून पेटू शकतात, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

बॅटरी चार्जिंग हा दुसरा धोका. स्वस्तातला चार्जर रात्रभर लावून झोपू नये. बॅटरी भरली की आपणहून करंट कमी करणारा स्मार्ट चार्जर घ्या, आणि लिथियम बॅटरी असेल तर तिला तिचाच चार्जर.

विझवायला एबीसी पावडरचा सिलिंडर दाराजवळ, आत कोपऱ्यात नाही, नाहीतर आगीतून जाऊन आणावा लागेल. पावडर ॲल्युमिनियम आणि वायरिंगला खाते त्यामुळे नंतर साफसफाई भरपूर, म्हणून काही जण सोबत सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर ठेवतात. तो मारून लगेच बाहेर यायचं, बंद खोलीत त्याने माणूस गुदमरतो. पेट्रोलवर पाणी ओतू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी लांब जातं. पण ताई, जिना एकच असेल तर खरं उत्तर हेच की गाड्या तिथून हलवा. घरातली माणसं ज्या वाटेने बाहेर पडणार तिथे नऊ टाक्या नकोत.

आणि कागदपत्रं त्याच खोलीत नसावीत. प्रत्येक गाडीचा इंजिन नंबर, चासी नंबर, चारी बाजूंचे फोटो, एखादी ओळखीची खूण (टाकीखालचं वेल्डिंग, साइड पॅनलच्या आतला ओरखडा) हे सगळं काढून एक प्रत दुसऱ्या घरी. जुन्या गाडीचा विमा करताना रक्कम आधीच ठरवून लिहून घेता येते का ते विचारा, नाहीतर पन्नास वर्षांच्या गाडीची किंमत भंगाराच्या हिशोबाने धरतील.

प्रश्न : प्रत्येक गाडीत एअरटॅग टाकला की झालं ना?

नाही. एअरटॅग, म्हणजे ॲपलची ती जागा दाखवणारी छोटी चकती, हरवलेल्या किल्ल्यांसाठी आहे. कुणाचा पाठलाग होऊ नये म्हणून तो जवळच्या अनोळखी फोनला कळवतो की तुमच्याबरोबर एक टॅग फिरतोय, म्हणजे चोरालाच बातमी. जोडीला असू दे, पण मुख्य म्हणजे स्वतःचं सिम असलेला जीपीएस ट्रॅकर. तो बॅटरी पीत राहतो हे लक्षात ठेवा, दर पंधरवड्याला मीटर लावून बघा, लेड-ॲसिड बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्ज करा. आणि पत्र्याच्या शेडमध्ये सिग्नल येतो का ते आधी तपासा.

प्रश्न : चोरी-आगीचं सोडा, माझ्या गाड्या नुसत्या उभ्या राहून गंजतायत. प्लॅस्टिकचं कव्हर आहे, दर रविवारी प्रत्येक गाडी पाच मिनिटं चालू करतो. तरीही?

'तरीही' नाही, त्यामुळेच! प्लॅस्टिकखाली ओल कोंडते, मी एका पावसाळ्यात एक नवं क्रोम केलेलं हँडल असंच घालवलं, कव्हर काढलं तर आतून घाम आल्यासारखे थेंब. सुती, हवा खेळणारं कव्हर घाला. खोलीत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर लावा, ६० टक्क्यांच्या वर जायला लागली की गंज वेग घेतो, तेव्हा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र. अगदी कोरडंही नको, सीटचं चामडं तडकतं.

पाच मिनिटं चालू करणं तर बंदच करा. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, जळताना तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साठतं. एक तर वीसेक मिनिटं नीट फिरवून आणा नाहीतर हात लावू नका. महिनोन्महिने उभी राहणार असेल तर आधी ऑइल बदला, कार्ब्युरेटरचा बाउल रिकामा करा, लोखंडी टाकी एक तर गळ्यापर्यंत भरा नाहीतर पूर्ण कोरडी. अर्धी ठेवलीत तर वरचा अर्धा भाग गंजणार, आणि इथेनॉलवालं पेट्रोल हवेतली ओल ओढतं ते वेगळंच. डबल स्टँडवर लावा, टायरवर वजन नको. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात संसार थाटतात, म्हणून हवा ओढायच्या तोंडाला बारीक जाळी आणि सायलेन्सरमध्ये चिंधी. ती चिंधी कोंबली की लगेच हँडलला लाल दोरी बांधायची, कारण सहा महिन्यांनी तुम्ही विसरणार, मी विसरलो होतो, किक मारमारून पाय सुजला आणि वर मेकॅनिकला घरी बोलावलं.