आधी अर्ज, मग लस

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा. परस्परसंमतीने घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली. हुकूमनामा ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयाचा. मुलीचा ताबा आईकडे, वडिलांना दर रविवारी भेट. मुलगी आता चार वर्षं चार महिन्यांची आहे. तिच्या जन्मावेळच्या आणि दीड महिन्याच्या लशी झाल्या. त्यानंतर तिला ताप आला म्हणून वडिलांनी पुढच्या लशी थांबवल्या, आणि विरोध आजही कायम आहे. चौदा महिन्यांपूर्वी त्यांनी बालरोगतज्ज्ञांना ईमेल केला, 'माझ्या संमतीशिवाय लस दिलीत तर कारवाई करीन.' तेव्हापासून डॉक्टर लस द्यायला तयार नाहीत. शाळा लसीकरणाचं कार्ड मागते आहे आणि कार्ड हरवलं आहे. आईंनी विचारलंय, 'सर्वोच्च न्यायालय म्हणतं सक्ती करता येत नाही, मग कायदा कोणाच्या बाजूने?'

ऐरोलीपासून डोंबिवलीपर्यंत याच चालीचे प्रश्न येतात, कधी आईचे, कधी वडिलांचे. लस द्यावी की नाही यावर इथे वाद घालत नाही. ते तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलं आहे आणि तुम्हाला पटलेलंही आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधी बाजूला ठेवू. २ मे २०२२ चा तो निकाल कोविड लशीबद्दलचा आहे. राज्यसंस्थेने एखाद्या व्यक्तीवर लसीची सक्ती करावी का, हा तिथला प्रश्न होता. तुमच्या घरात सरकार सक्ती करत नाही, दोन पालकांचं एकमत नाही, एवढंच आहे. शिवाय लहान मुलांना कोविड लस देण्याच्या सरकारी निर्णयात त्याच निकालाने हस्तक्षेप केलेला नाही, हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तुकड्यात नसतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गोवर-रुबेला मोहिमेत पालकांची संमती गृहीत धरायला नकार दिला होता, तोही दाखला तुमच्यासमोर ठेवला जाईल. तोसुद्धा सरकार आणि पालक यांच्यातला. दोन पालकांमधल्या वादाचा निकाल मुलीच्या हितावर लागतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम १३ तेच सांगतं.

आता खरा मुद्दा. तुम्ही संमती-अटींची, म्हणजे घटस्फोटाच्या वेळी दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या अटींची, प्रत सोबत पाठवलीत, पण ती सही करण्याआधी वाचली होती का, अशी शंका येते. अट क्रमांक ७ अशी आहे: 'मुलीच्या वैद्यकीय उपचार, शस्त्रक्रिया व प्रतिबंधात्मक उपायांबाबत निर्णय उभय पक्षांच्या लेखी संमतीने होईल, तातडीच्या प्रसंगी ताबा असलेल्या पक्षास निर्णय घेता येईल, मतभेद झाल्यास कोणत्याही पक्षाने न्यायालयाकडे अर्ज करावा.' एरवी बाळाच्या लसीसाठी दोन्ही पालकांच्या सह्या लागतात असा कुठलाही कायदा नाही. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आई एकटी बाळाला घेऊन जाते आणि लस टोचून येते. तुमच्या बाबतीत ही अडचण कायद्याने आणलेली नाही, तुमच्या सहीने आणली आहे. वाटही त्याच अटीच्या शेवटच्या तुकड्यात आहे: 'अर्ज करावा.' चौदा महिने तुम्ही ईमेलला ईमेलने उत्तरं देत बसलात, अर्ज केला नाहीत.

या चौदा महिन्यांची किंमत मोजू. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत असते. राहून गेलेल्या मुलांना ती पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत देतात. तोंडावाटे द्यायच्या पोलिओचीही मुदत पाच वर्षं, त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीची सात. गोवर-रुबेलाच्या दोन डोसांत किमान महिनाभराचं अंतर लागतं. म्हणजे वाढदिवसाला आठ महिने उरले असले, तरी आदेश सात महिन्यांच्या आत हातात हवा. पाचनंतर सगळं संपतं असं नाही, खासगीत बालरोगतज्ज्ञ पुढेही देतात. पण गोवर-रुबेला आणि पोलिओचं मोफत सरकारी दार बंद होतं, आणि पाच वर्षांपर्यंत तुम्ही स्वस्थ बसलात हे समोरचा वकील मोठ्याने वाचून दाखवतो.

अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला त्याच ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात. हुकूमनाम्यानंतरही मुलांबाबत वेळोवेळी आदेश देण्याचा अधिकार तिथे आहे. 'तुम्हीच संमती दिली होती' असं म्हटलं गेलं की रोझी जेकब खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा निकाल दाखवा: मुलांच्या ताब्याचे आदेश संमतीने झालेले असले तरी मुलाच्या हितासाठी बदलता येतात. याच कलमाखाली साठ दिवसांत निकाल लागतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर विसरा. ती साठ दिवसांची ओळ मूळ खटला चालू असतानाच्या पोटगी आणि शिक्षणाच्या अर्जांपुरती आहे, आणि तिथेही 'शक्यतो' आहे.

मागण्या नीट लिहून घ्या, इथेच बहुतेक अर्ज फसतात. 'गोवरची लस देण्याची परवानगी' एवढंच मागितलंत तर पुढच्या डोससाठी परत याल. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकातल्या आणि बालरोगतज्ज्ञ सुचवतील त्या राहिलेल्या सर्व लशींची परवानगी मागा, आणि त्यात दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या धनुर्वात-घटसर्पाच्या डोसांचाही उल्लेख करा. दुसरी मागणी अट ७ मध्ये बदलाची: लसीकरणासाठी वडिलांना सात दिवस आधी लेखी कळवणं पुरेसं, संमतीची गरज नाही. तिसरी, कार्ड वडिलांकडे असेल तर ते हजर करण्याची. आणि मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी अंतरिम अर्ज, म्हणजे अंतिम निकालाआधी तात्पुरता आदेश मागणारा, वाढदिवसाची तारीख पहिल्याच परिच्छेदात. तातडी नेमकी कशाची हे न्यायाधीशांना तिसऱ्या पानावर सापडता कामा नये. २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि भिवंडीत गोवराची साथ होती, हेही एका ओळीत येऊ द्या. ठाण्याहून भिवंडी किती लांब आहे ते कोर्टाला सांगावं लागत नाही.

सोबत हुकूमनाम्याची आणि संमती-अटींची प्रमाणित नक्कल, जन्मदाखला, वडिलांचे सगळे ईमेल आणि तुमची उत्तरं जोडा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं दोन भागांतलं प्रमाणपत्र लागतं. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे पुराव्याचे नियम तिथे सैल आहेत, तरी प्रमाणपत्र जोडलेलं बरं. सगळ्यात वजनदार कागद मात्र बालरोगतज्ज्ञांचं पत्र. 'लस आवश्यक आहे' एवढं वाक्य उपयोगाचं नाही. मुलीला तपासल्याची तारीख, राहिलेले डोस, ते कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने द्यायचे, दीड महिन्याच्या लसीनंतर आलेला ताप किती आणि किती दिवस होता, आणि तो पुढचा डोस नाकारण्याचं वैद्यकीय कारण ठरतो का, हे सगळं त्यात हवं. तापाचा मुद्दा वडील लावून धरणारच. तरीही वाद राहिला तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्याच कलम १२ प्रमाणे न्यायालयाला वैद्यकीय तज्ज्ञाची मदत घेता येते, ती तुम्हीच मागा.

कार्डाचं काय? वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. मुलगी चार वर्षांची, म्हणजे या नियमाप्रमाणे प्रसूतिगृहावर आता बंधन नाही. तरी लेखी मागणी करा, अनेक ठिकाणी रजिस्टर असतं. लस महापालिकेच्या केंद्रात झाली असेल तर तिथेही विचारा. जुने फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कार्डाचा फोटो, लसीचं बिल शोधा. डाव्या दंडावरचा बीसीजीचा (क्षयरोगाच्या लसीचा) व्रण डॉक्टरांच्या पत्रात नोंदवून घ्या. दीड महिन्याच्या पेंटाव्हॅलंटचा (पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा) कागद मिळाला तर फार बरं, कारण एक वर्षाच्या आत एक डोस झालेल्या मुलांचे पुढचे डोस त्याच लसीने पूर्ण करतात. अर्धवट राहिलेली मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. कागद नसलेला डोस डॉक्टर सहसा झालेला धरत नाहीत.

आता कोर्टाची चाल. अर्ज दाखल झाला की नोटीस निघते, आणि ती पोचवणारा कोर्टाचा कर्मचारी, बेलिफ, 'घर बंद' असा शेरा मारून परत येतो. वडिलांचा पत्ता बदललाय का ते आत्ताच तपासा. पहिल्याच तारखेला ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस बजावण्याची परवानगी मागा, ईमेलवर ते उत्तर देतात हे तुमच्याच पुराव्यात आहे. मग समुपदेशकाकडे पाठवतील. तिथे जाऊन 'मला बोलायचंच नाही' असं म्हणू नका. वडील निदान काही लशींना तयार झाले तर तेवढ्याची संमती तिथल्या तिथे लिहून घ्या. त्यांचं लेखी म्हणणं दाखल व्हायला एक-दोन तारखा जातील, मधे उन्हाळ्याची नाहीतर दिवाळीची सुट्टी येईल. सात महिने पुरतील का? नेटाने पाठपुरावा केलात तर बहुधा. वकिलाच्या फोनची वाट पाहिलीत तर नाही.

'गुपचूप नेऊन टोचून आणलं तर?' हा सल्ला तुम्हाला घरातूनच मिळाला असणार. लशीमुळे कोणी तुमच्याकडून मुलगी काढून घेईल असं मला वाटत नाही. पण न्यायालयासमोर दिलेली अट जाणूनबुजून मोडली की अवमानाचा अर्ज येऊ शकतो, आणि आज तुमच्या बाजूने असलेली गोष्ट त्यांच्या बाजूने जाते. तसंच रविवारची भेट अडवू नका. भेटीचा आदेश लसीच्या वादापासून वेगळा आहे.

एका बाबतीत मात्र अर्जाची वाट पाहायची नाही. कुत्रा चावला, किंवा गंजलेल्या पत्र्याने खोल कापलं, तर तो अटीतला 'तातडीचा प्रसंग' आहे. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची किंवा धनुर्वाताची लस घ्यायची. वडिलांना नंतर कळवा, लेखी.

शाळेचं एवढंच. लसीकरण नाही म्हणून प्रवेश नाकारावा अशी तरतूद शिक्षणहक्क कायद्यात नाही. शाळेला डॉक्टरांचं पत्र आणि अर्ज दाखल केल्याची पोच द्या, बहुतेक शाळा तेवढ्यावर थांबतात.

खारघर-पनवेलच्या वाचकांसाठी एक गोष्ट. तुम्ही नवी मुंबईत राहत असलात तरी तुमचा जिल्हा रायगड आहे. हुकूमनामाच झालेला नसेल तर पालकत्वाचा अर्ज मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात करावा लागतो. ठाण्यात भरून परत घ्यावा लागलेला अर्ज म्हणजे फुकट गेलेले दोन-तीन महिने.

अंतरिम आदेश झाला की त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज करा, तीन प्रती मागा. एक डॉक्टरांना, एक शाळेला, एक तुमच्याकडे. वडिलांना आदेशाचा फोटो आणि लसीची तारीख त्याच संध्याकाळी ईमेलने कळवा. ते उच्च न्यायालयात जायचं म्हणत असतील तर जाऊ द्या. स्थगिती मिळेपर्यंत तुमचा आदेश लागू आहे.